द्राक्षाच्या पेपरातला ऊस

सप्टेंबरची एकोणतीस तारीख, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम अकराशे रुपये, फेरपरीक्षेची फी. हजर चौघे: प्रशिक्षण केंद्राचे संचालक, पावत्या फाडायला बसलेला त्यांचा मेहुणा, टेबलाच्या अलीकडे उभी असलेली मुकादमीण आणि मी. मुकादमीण नापास झाली होती. मेहुणा पास झाला होता. विषय होता द्राक्षबागेची छाटणी. मेहुण्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याने आयुष्यात कात्री धरली असेल तर ती पार्सल उघडायला.

"अकराशे कशापायी?" मुकादमिणीने विचारलं.

"फेरपरीक्षेचे," संचालक म्हणाले.

"ते समजलं. पण म्या चुकले कुठं ते दावा. चूक दावा, पैसे मोजते."

"ताई, पेपर दाखवता येत नाही. गोपनीय असतो."

"मंग मी तीच चूक परत करनार. परत अकराशे?"

मेहुणा हसला. "दाजी, ही तर आपली कायमची गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक तुज्या दुकानाची हायेच की," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "श्रावणात फोन दिला व्हता दुरुस्तीला. अजून माझं बोलणं पलीकडं जात नाय. तू म्हणं छाटणीत पास झाला. कशाची छाटलीस रे, वायर?"

मेहुण्याने पावतीपुस्तक मिटलं. संचालक म्हणाले, मंगळवारपर्यंत फी भरली तर गुरुवारी परीक्षा आणि शुक्रवारी प्रमाणपत्र, नाहीतर पुढच्या तुकडीबरोबर, म्हणजे संक्रांतीनंतर. ती पैसे न भरता खाली उतरून गेली. संक्रांतीनंतरचं प्रमाणपत्र तिच्या काही कामाचं नव्हतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. पाच ऑक्टोबर ही शेवटची तारीख होती. द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीने स्वतःच्या बागांसाठी छाटणीचे दोन पर्यवेक्षक कायम नोकरीवर घ्यायचं ठरवलं होतं. अठरा हजार पगार, प्रॉव्हिडंट फंड, नळ असलेली खोली. अट एकच, छाटणीचं सरकारमान्य प्रमाणपत्र.

ही बाई सुरगाण्याकडची. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, दर हंगामाला चौदा माणसांची टोळी जीपमध्ये भरून दिंडोरीकडे येते, एप्रिलची छाटणी झाली की भात-नागलीसाठी घरी जाते. बागायतदाराने दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते. मुलगी अकरावीला, तालुक्याच्या कॉलेजात. आई मे महिन्यात घरी गेली की मुलीलाही जावं लागणार, कारण शेडमध्ये एकट्या पोरीला कोण ठेवील? बारमाही नोकरी लागली तर मुलीची बारावी होणार होती. प्रमाणपत्राची एवढीच किंमत होती. ती मला पुरेशी वाटते.

आता केंद्राविषयी. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या नावाने चालणारं हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे खतं-औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात गंधकाचा वास, वर भिंतभर फ्लेक्स. फ्लेक्सवर संचालकांचा फोटो फळ्यापेक्षा मोठा. हे गृहस्थ आधी टायपिंगचे क्लास चालवत, मग संगणकाचे, मग स्पर्धा परीक्षांचे, आणि आता ग्रामीण प्रौढांचं कौशल्य वाढवत होते. त्यांच्या तोंडी 'लाभार्थी' हा शब्द इतका बसला होता, की एकदा खालच्या हॉटेलातून चहा मागवतानाही ते म्हणाले, "बावीस लाभार्थी आणि तीन स्टाफ, पंचवीस कप पाठव." पाठवले पंधराच. ते अर्धे-अर्धे केले. बिलात पंचवीस लागले. बिलं मी बघत असे.

मी पंचवटीत राहतो आणि सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. शनिवार-रविवार स्कूटरवरून केंद्रात जायचो. तासाला तीनशे रुपये. 'मजुरीचा हिशेब व मोजमाप' हा माझा विषय. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर गणित घातलं: एका एकरात आठशे वेली, सात माणसं, एका वेलीला इतकी मिनिटं, तर किती दिवस? गणित लिहून होण्याआधी मागून उत्तर आलं. पाठोपाठ प्रश्नही आला, "मास्तर, जेवणाची सुट्टी धरली का नाय तुम्ही?" धरली नव्हती. त्यांना माझी गरज नव्हती हे मला त्याच दिवशी कळलं. तासाचे तीनशे मात्र मी घेत राहिलो.

छाटणी शिकवायला एक मॅडम होत्या. कृषीची पदवी, स्वभावाने चांगल्या. पण शिकवायचं ते पडद्यावर, कारण कात्र्या यायच्या होत्या. कात्री, हातमोजे, चष्मा, टोपी असा संच प्रत्येकाला मिळणार होता. तो शेवटपर्यंत आला नाही. मग मॅडम पडद्यावर वेल दाखवत आणि लेझरच्या लाल ठिपक्याने छाटत. समोर बसलेल्या बायका सुपारी कातरत ठिपक्याकडे बघत. एकदा ठिपका एका काडीवर थांबला आणि मॅडम म्हणाल्या, "इथे कट घ्यायचा."

"तिथं घेतला तर माल कुठून येईल, मॅडम?" मुकादमीण म्हणाली. "खाली गाठ हाय, तिच्यावर घ्या. ते वरचं सगळं फुकटचं लाकूड."

मॅडमनी ठिपका खाली घेतला. "बरोबर. आता पुढची स्लाइड."

"आमी शिकवतो, पगार मॅडमला," शेजारची म्हणाली, आणि सगळ्याजणी खळखळून हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांच्यातला प्रामाणिकपणा एवढाच, पण तो त्या खोलीत इतर कोणात नव्हता.

मग एका रविवारी निरोप आला की सगळ्यांनी घरून आपापली कात्री आणावी. आम्हाला वाटलं आता प्रात्यक्षिक होणार. बायकांनी धार लावून, तेल घालून कात्र्या आणल्या. संचालकांनी त्या सगळ्या गोळा केल्या, टेबलावर नव्या पांढऱ्या कापडावर मांडल्या आणि एकेकीला बोलावून तिचीच कात्री तिच्या हातात देतानाचे फोटो काढले. फोटोखाली 'संच वाटप' असं लिहून ते वर पाठवले. एका बाईला चुकून दुसरीची कात्री दिली गेली, तर ती फोटो काढू देईना. "ही माझी नाय. माझ्या मुठीला लाल चिंधी हाय." फोटो पुन्हा काढावा लागला. एवढ्या कार्यक्रमात खरं बोललेलं वाक्य तेवढंच.

परीक्षा बावीस तारखेला झाली. बाहेरून एक परीक्षक आला, टॅब्लेट घेऊन. तीस प्रश्न, पास व्हायला अठरा बरोबर. मी पर्यवेक्षक म्हणून खोलीत होतो. सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि मुकादमिणीने हात वर केला.

"मास्तर, इथं ऊस कुठून आला?"

मी परीक्षकाकडे पाहिलं. तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "प्रश्नावर चर्चा नाही. जे लिहिलंय ते वाचायचं आणि उत्तर दाबायचं."

"अवो पण ऊस कुनी छाटतं का?"

"ताई, शांतता."

ती खाली बसली. मला वाटलं, असेल एखादा प्रश्न उसाचा, तालुक्यात ऊसही होतो.

निकाल शनिवारी लागला. बावीसपैकी सहा पास, सोळा नापास. रविवारी सकाळी मुकादमीण खाली उतरून गेल्यावर मी निकालाचा तक्ता घेऊन बसलो. आकडे सरळ पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. बावीसपैकी सतराजणी बागेत काम करणाऱ्या होत्या. त्यांतल्या सोळा नापास. उरलेल्या पाचजणांनी बाग रस्त्यावरून जाताना पाहिली होती, एवढाच त्यांचा द्राक्षाशी संबंध. ते पाचही पास. बागेतली जी एकटी पास झाली, तिला मी निकालाच्या दिवशी कसं काय जमलं म्हणून विचारलं होतं. "डोळे दुखत व्हते," ती म्हणाली होती, "म्या वाचलंच नाय. बोट लावीत गेले."

म्हणजे जिला काम येतं आणि जिने वाचलं, ती नापास. असा निकाल नशिबाने लागत नाही. मी प्रश्नवार उत्तरं काढली. सोळाही जणींची तेरा प्रश्नांची उत्तरं चुकली होती, तीच तेरा, आणि सगळ्यांनी शेवटचाच पर्याय दाबला होता: 'वरीलपैकी काहीही नाही.' संचालक जेवायला गेले होते. त्यांच्या टेबलावर नमुन्याचा टॅब्लेट होता. मी पहिला प्रश्न उघडला. 'ऑक्टोबर छाटणीत ऊस किती कळ्यांवर छाटावा?' दुसरा: 'ऊस परिपक्व झाल्याचे कसे ओळखावे?' तिसरा: 'निर्यातीसाठी बोरांचा व्यास किती असावा?' वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण होतं. इंग्रजी दाबलं. जिथे जिथे ऊस होता, तिथे 'केन' होतं, कळीच्या जागी 'बड', बोराच्या जागी 'बेरी'. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, द्राक्षात केन म्हणजे काय?"

"काडी. का हो?"

काडीचा ऊस झाला होता, काडीवर जिथून कोंब फुटतो त्या डोळ्याची कळी, मण्याचं बोर. ऊस तोडतात, छाटत नाहीत. द्राक्षाला बोरं येत नाहीत. त्या सोळा बायकांनी वाचून, विचार करून, ठामपणे बरोबर उत्तर दिलं होतं: यांपैकी काहीही नाही. आणि मेहुण्याला ऊस खटकला नाही, कारण त्याला काडीही माहीत नव्हती. दोन दिवस आधी आलेली पुस्तिका त्याने पाठ केली होती, 'ऊस आठ कळ्यांवर छाटावा', झालं.

इथे माझी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती आत्ताच सांगितली पाहिजे. ती पुस्तिका आणि तिच्यातली प्रश्नपेढी मी तपासली होती. जुलै महिन्यात संचालकांनी बत्तीस पानं माझ्या हातात ठेवली, म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं आहे, जरा शुद्धलेखन बघून द्या, पानाला वीस रुपये." मी एका रविवारी गच्चीवर बसून ती पानं तपासली. मुळात सगळीकडे 'उस' असं छापलं होतं. पहिला उ ऱ्हस्व. मी लाल पेनाने प्रत्येक ठिकाणी तो दीर्घ केला. द्राक्षाच्या पुस्तकात ऊस काय करतोय, हा प्रश्न मला पडला नाही. अर्थ बघायचे पैसे ठरले नव्हते, अशी सबब मी त्या दिवशी टॅब्लेटसमोर बसून मनात करून पाहिली. ती टिकली नाही. गेली कित्येक वर्षं मी घरात, कचेरीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोकांच्या निष्काळजीपणाबद्दल बोलत आलो आहे. माझी बायको म्हणते, तुम्हाला वाण्याच्या चिठ्ठीतलीसुद्धा वेलांटी दिसते. दिसते खरी. वेलांटीच दिसते.

मुकादमीण खाली दुकानाच्या पायरीवर जीपची वाट बघत बसली होती. मी जाऊन सगळं सांगितलं. काडीचा ऊस कसा झाला ते सांगितलं आणि तो मी तपासला होता हेही सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "म्हंजी आदी बी ऊसच व्हता?"

"हो. पण ऱ्हस्व होता."

"आनि तुम्ही काय केलं?"

"दीर्घ केला."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हंजी उसाला तुम्ही नुसतं खत घातलं, मास्तर! लांब केला!" दुकानात युरिया घ्यायला आलेली दोन माणसं थांबून बघायला लागली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "आता मोडा तुमचा ऊस. पाच तारीख हाय."

सोमवारी मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि या सगळ्या प्रशिक्षणांवर देखरेख करणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि माझं म्हणणं संपायच्या आत फोनवर शब्दकोश उघडला.

"केन. हे बघा. ऊस. बरोबर आहे."

"साहेब, द्राक्षाच्या संदर्भात काडी म्हणतात."

"संदर्भ इथे दिलेला नाही." त्यांनी फोन माझ्याकडे वळवून दाखवला. "आणि हे वर मान्य होऊन आलंय. भाषातज्ज्ञाने प्रमाणित केलेलं आहे."

"कोणत्या भाषातज्ज्ञाने?"

त्यांनी फाईल मागवली. पानं उलटली. शेवटच्या पानावर 'भाषातज्ज्ञ' असा शिक्का आणि त्याखाली माझी सही. ती मी पैसे मिळाल्याची म्हणून केली होती. साहेबांनी आधी सही पाहिली, मग माझा अर्ज, मग पुन्हा सही. "तुम्हीच प्रमाणित करता आणि तुम्हीच तक्रार करता? तुमचं प्रमाणपत्र चुकीचं होतं असं लेखी द्या. मग आम्ही तुकडी स्थगित करतो, समिती नेमतो, पेपर बदलतो."

"किती दिवस लागतील?"

"तिमाही."

मी तिथेच बसून पत्र लिहिलं. माझं प्रमाणित करणं चुकीचं होतं, काडी या अर्थी ऊस हा शब्द गेला आहे, सबब सदर परीक्षा रद्द करावी. सही केली, तारीख घातली. देण्याआधी एकदा तिला सांगावं म्हणून खिशात ठेवलं. ही एक गोष्ट त्या दोन महिन्यांत मी बरी केली.

मंगळवारी कारखाना सुटल्यावर तिच्या शेडवर गेलो. ती विळ्याच्या दगडावर कात्रीला धार लावत होती. मुलगी दाराशी बसून अभ्यास करत होती. मी पत्र वाचून दाखवलं. आवाज जरा चढाच होता असं आता वाटतं. मला त्या पत्राचा अभिमान वाटत होता.

"हे दिलं तर काय व्हईल?" तिने विचारलं.

"परीक्षा रद्द होईल. पेपर बदलेल."

"कवा?"

"तीन महिने."

"आन् पाच तारीख?"

मी पत्राची घडी घातली.

"मास्तर," ती धार बोटाने तपासत म्हणाली, "ह्ये पत्र तुमच्यासाठी चांगलं हाय. माझ्या काय कामाचं? खिशात ठिवा. माझा कागद हातात आला की मंग जिथं टाकायचं तिथं टाका. आता मला येवढंच सांगा, त्यांच्या पेपरात ऊस म्हंजी काडी ना?"

"हो."

"कळी म्हंजी डोळा?"

"हो."

"बोर म्हंजी मणी. येवढंच ना?" ती मुलीकडे वळली. "लिव गं. यांची भाषा शिकून घेऊ. लय दिवस आपली शिकिवली त्यांना."

"पण आई, ऊस छाटतात असं लिहायचं?" मुलगी म्हणाली.

"लिवायचं. आपण कुटं छाटनार हाय? लिवायचंच हाय."

त्या एका संध्याकाळी, पत्र्याच्या शेडमध्ये, तिने त्या केंद्राच्या दोनशे तासांत कोणी शिकवलं नसेल एवढं शिकून घेतलं. मी टॅब्लेटवरून उतरवून आणलेले प्रश्न वाचत होतो, ती उत्तरं देत होती. कुठेही अडली नाही. फक्त एका प्रश्नावर थांबली. तो त्या तेरांतला नव्हता, तो चौदावा. 'काम करताना आनंदी राहणे का आवश्यक आहे?' पर्याय: उत्पादकता वाढते, मालकाला समाधान मिळते, अपघात टळतात, वरीलपैकी काहीही नाही.

"ह्याचं बरोबर उत्तर काय?"

"पुस्तिकेप्रमाणे उत्पादकता."

"आनंदी राहायला कारण लागतं व्हय?" ती म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे. त्यात मी नापासच बरी."

मग ओळखीतल्या एकाची मोटारसायकल घेऊन ती केंद्रात गेली आणि बंद व्हायच्या आत मेहुण्याच्या हातात अकराशे रुपये मोजले. टोळीतल्या बाकीच्यांनी भरले नाहीत. "आमाला कागदाचं काय करायचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

गुरुवारी तोच परीक्षक आला, तोच पेपर. मी पर्यवेक्षक होतो. तिने अकरा मिनिटांत टॅब्लेट परत केला. परीक्षकाने पहिल्यांदाच फोनमधून डोकं वर काढलं. तीसपैकी एकोणतीस. आनंदाचा प्रश्न तिने सोडला होता.

संचालक मला म्हणाले, "बघा, योग्य मार्गदर्शन मिळालं की लाभार्थी कशी प्रगती करतो! पंधरा दिवसांपूर्वी सोळा मार्क होते. हिचा फोटो घेऊ. यशोगाथा म्हणून वर पाठवू."

परीक्षा होऊन पंधरा नव्हे, अकरा दिवस झाले होते. हा माणूस खोटंसुद्धा मोजून बोलत नसे.

शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं. शनिवारी ती कंपनीत गेली. तिथल्या बागेच्या व्यवस्थापकाने प्रमाणपत्र फाईलला लावलं आणि तिला एका वेलीपुढे उभं केलं. तिने वेल छाटली. व्यवस्थापकाने तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. मेहुणाही गेला होता. त्यालाही वेलीपुढे उभं केलं. त्याने ओलांडाच कापला. ओलांडा म्हणजे तारेवर आडवी पसरलेली वेलीची मुख्य फांदी, तिच्यावरच काड्या येतात. ती कापली म्हणजे त्या वेलीची काही वर्षं गेली. व्यवस्थापकाने विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाला, पुस्तिकेत याचं चित्र नव्हतं. आता तो पुन्हा मोबाईल दुरुस्त करतो. सहानुभूती वाटावी असा तो प्रसंग असेल, पण मला वाटली नाही. मला त्या वेलीची वाटली.

सोमवारी मी माझं पत्र दिलं. समिती नेमली गेली की नाही माहीत नाही. डिसेंबरात संचालकांचा फोन आला, आवाजात मध. "तुमच्या सूचनेची वर दखल घेतली गेलीय. ऊस काढून टाकलाय. नवी प्रत पाठवतो, जरा नजर टाका. दर तोच, पानाला वीस." प्रत आली. पहिलाच प्रश्न होता: 'ऑक्टोबर छाटणीत छडी किती कळ्यांवर छाटावी?' कोणीतरी पुन्हा शब्दकोश उघडला होता आणि एक ओळ खाली गेला होता. बोरं जशीच्या तशी होती. मी प्रत्येक पानावर छडीच्या जागी काडी, कळीच्या जागी डोळा आणि बोराच्या जागी मणी लिहिलं, पैसे न घेता पानं परत पाठवली आणि तासिकांचा राजीनामा सोबत जोडला. नवी तुकडी संक्रांतीनंतर बसली. ती कोणत्या पेपरावर बसली हे मी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं.

जानेवारीच्या अखेरीस मी कंपनीच्या बागेवर गेलो. मणी फुगत होते. ती बारा माणसांच्या विरळणीवर उभी होती, डोक्यावर कंपनीची निळी टोपी, पदर तिच्यावरून. मुलगी खोलीवर होती, सहामाहीत बरी पास झाली होती. मी पाकीट पुढे केलं, फेरपरीक्षेचे अकराशे. चूक माझी होती, ती फी तिने भरायचं कारण नव्हतं.

तिने पाकीट उघडून मोजले. "ते पानं तपासायचं तुम्हाला किती दिलं व्हतं?"

"बत्तीस पानं, वीसप्रमाणे. सहाशे चाळीस."

"मंग तेवढीच तुमची चूक. बाकीची त्यांची." तिने चारशे साठ वेगळे काढले आणि माझ्या हातात ठेवले. "हे तुमच्याकडनं घेतलं तर त्यांचं फिटलं असं व्हईल. नाय फिटू द्यायचं."

मी म्हणालो, संचालक काही देणार नाहीत.

"नाय देनार. पण राहतील ना त्यांच्याकडं."

मग तिला कोणीतरी हाक मारली आणि ती ओळीत गेली. दिले ते एवढे: सहाशे चाळीस रुपये, रोख, मुकादमीणबाईंना.